लसूणदरीचं सकाळदान

लोण्याची चव बघायची म्हणून लेवरूननं करंगळीचं नख गोळ्यात टोचलं, जिभेला लावलं, आणि विन्चेस्टरचा तो सगळा बाजार तिच्यापासून लांब सरकला. आवाज येत होते, पण ते दुसऱ्या कुणासाठी. लोण्याला रानलसणाचा वास होता. उग्र नाही, आधी मीठ, मग साय, आणि गिळून झाल्यावर टाळूला मागं राहिलेली ती हिरवट, ओली, जराशी लाज आणणारी चव. वसंतात गाई झाडीत शिरतात, पांढऱ्या फुलांचा तो पाला ओरबाडतात, आणि मग रान वाळेपर्यंत दूध, लोणी, चीज, धार काढणारीचे हात, सगळ्यांना तोच वास. शहरातली माणसं असल्या लोण्याला नाकं मुरडतात. लेवरूनच्या डोळ्यांत पाणी आलं. भर दुपारी, लोण्याच्या टोपलीसमोर, चारचौघांत आपण रडतोय हे ध्यानात आलं तेव्हा तिला स्वतःचाच राग आला.

“वास मारतंय बाई हे,” शेजारची गिऱ्हाईक म्हणाली. “लसूण खाऊन आलेल्या नवऱ्याशेजारी निजल्यासारखं वाटतं.”

“मग निजू नकोस. पुढं चालू लाग,” गोडा म्हणाली. गोडा लोणीवाली, तिच्या जिभेला हाड नव्हतं, आणि ती काय बोलते ते ऐकायला म्हणूनच निम्मी गर्दी जमायची. मग तिचं लक्ष लेवरूनकडं गेलं. “तुम्हाला काय झालं? इतकं का वाईट आहे?”

“कुठलं हे?”

“लसूणदरीचं. डोंगरापलीकडची. थोरा म्हणून एक म्हातारी आहे, ती आणते. येत्या शनिवारी येईल, तिलाच विचारा गाईंना काय चारते ते.”

“थोरा आहे अजून?”

“नसायला काय झालं? मेली असती तर लोणी काय तिच्या भुतानं घुसळलं असतं?”

लेवरूननं लोण्याचा एक गोळा घेतला, रुंद पानात गुंडाळून छातीशी धरला आणि घराकडं वळली. घर म्हणजे एका विणकराच्या मागच्या बाजूची खोली, तिथं ती आणि तिची लेक एदिवा मठातल्या बायकांसाठी जरीचं भरतकाम करून पोट भरत होत्या. वाटेत नव्या किल्ल्याची भिंत लागायची. त्या भिंतीसाठी अख्खी आळी पाडली होती, आणि जिथं माणसांच्या चुली होत्या तिथं नॉर्मन शिपायांचे घोडे उभे असत. रोज ती मान खाली घालून तिथून जायची. आज तिनं ते घोडेही पाहिले नाहीत. थोरा. इतके महिने ती साक्षीदार शोधत होती. डोळे मिटून त्या सकाळच्या घरात फिरत होती, चुलीपाशी कोण होतं, अंगणात कोण, पायरीवर कोण, एकेकाचं तोंड आठवून बघत होती. सासरे होते, ते गेले. दोघे दीर होते, ते पाच वर्षांमागं तिच्या नवऱ्याबरोबर, ऑर्दगारबरोबरच, हेस्टिंग्जच्या लढाईत टेकडीवर कापले गेले. पाद्री होता, त्याला तापानं नेलं. आणि एवढ्या शोधात एकदाही तिच्या मनात थोरा आली नाही. ती विसरली होती असं नव्हे. थोराला आठवायचं नाही हे तिनं इतक्या लहान वयात ठरवलं होतं की ठरवल्याचंही तिला आठवत नव्हतं.

थोरा म्हणजे लेवरूनच्या आधीची. ऑर्दगारच्या घरातलं दूधदुभतं बघणारी, डेन लोकांतली, अंगानं थोराड, ऑर्दगारपेक्षा थोडी मोठी. लग्नाची नव्हे. तरण्या जमीनदाराच्या घरात अशी एखादी असायचीच, आणि लग्न ठरलं की ती जायची. यात कुणाला काही वावगं वाटत नसे, जाणारीला सोडून. लेवरूनच्या वडिलांनी बोलणी करतानाच सांगितलं होतं, ती बाई आमच्या पोरीच्या नजरेला पडता कामा नये. तिची रवानगी लसूणदरीत झाली. आपल्यासाठी नवऱ्यानं तिला डोंगरापलीकडं टाकलं, याचं लेवरूनला त्या वयात फार अप्रूप होतं.

आणि ती सकाळ. ती सकाळ लेवरूनच्या मालकीची शेवटची वस्तू होती. घर गेलं, रान गेलं, गिरणी गेली, ऑर्दगार तर हाडांसकट गेला, कारण त्या टेकडीवरून त्याचं काही परत आलं नाही. पण सकाळ कुणाला नेता आली नव्हती. ती सतरा वर्षांची होती. भिंतीकडं तोंड करून निजली होती. भिंतीच्या फळीत एक गाठ होती, तपकिरी, भोवऱ्यासारखी, आणि जाग आल्यावर तिनं पहिली ती पाहिली. मग पाठीमागचं अंथरूण हललं, ऑर्दगार उठला, गारवा आत शिरला, आणि तिनं चटकन डोळे मिटून घेतले. कारण रात्रीनंतर त्या माणसाच्या तोंडाकडं कसं बघायचं हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. कुठून तरी ताज्या दुधाचा वास आला. ऑर्दगार खाकरला. महत्त्वाचं बोलायचं झालं की तो आधी खाकरायचा. आणि मग हळू, अगदी हळू, तिनं पुन्हा कधीच न ऐकलेल्या आवाजात तो म्हणाला, “लसूणदरी तुझी. तू आहेस तोवर तुझी, आणि मागाहून तू म्हणशील त्याची.” ती डोळे मिटूनच राहिली. उत्तर द्यायला हवं होतं, पण छातीत काहीतरी इतकं मोठं झालं होतं की त्यातून शब्द बाहेर पडेना. त्यानंतरच्या चौदा वर्षांत ऑर्दगार तिच्याशी वाईट वागला नाही. कधी हात उगारला नाही, कधी उपाशी ठेवलं नाही, आजारपणात उशाशी बसला. पण तो आवाज पुन्हा नाही. लेवरून म्हणायची, असू दे. पुरुष असं एकदाच बोलतात.

लग्नानंतरच्या सकाळी नवऱ्यानं बायकोला द्यायचं ते सकाळदान. ते तिचं, नवरा मेला, बुडाला, परागंदा झाला तरी तिचं. लढाईत जे जे पडलेल्या राजाच्या, हॅरॉल्डच्या बाजूनं उभे राहिले त्यांच्या जमिनी नव्या राजानं आपल्या माणसांना वाटल्या, आणि ऑर्दगारची सगळी जमीन सर्लो नावाच्या नॉर्मनाला मिळाली. त्यानं दरीही त्यातच धरली. मठाची मोठी बाई लेवरूनला म्हणाली होती, “दरी तुझी असेल तर ती ऑर्दगारची नव्हतीच, मग राजानं दिली कशी? जुन्या राजाच्या वेळच्या रीती चालतील असं हा नवा राजा स्वतः म्हणालाय. तू दावा लाव. पण ऐकणारा माणूस हवा गं. कानांनी ऐकलेला, शपथेवर सांगणारा.” दावा लागला होता. सुनावणी ईस्टरनंतरचा पेंटेकॉस्टचा सण झाला की होती.

घरी एदिवा जरीचा धागा दातांनी तोडत बसली होती. अठरा वर्षांची पोर, बापासारखी रुंद कपाळाची. लेवरूननं पान उलगडून लोणी तिच्यापुढं धरलं. एदिवानं बार्लीच्या भाकरीवर ओढलं, खाल्लं, आणि थांबली.

“आई, हे आपलं आहे.”

“हो.”

“आणि साक्षीला माणूसही मिळालं, असं तुझं तोंड सांगतंय.” एदिवानं भाकरी खाली ठेवली आणि लहानपणी म्हणायची तसं म्हणाली, “सांग ना मग. बाबा खाकरले, आणि?”

लेवरूननं सांगितलं. लेकीला झोपवताना हजारदा सांगितलेली गोष्ट पुन्हा सांगितली, आणि सांगता सांगता स्वतःच सतराची झाली. एदिवाचं एका चांभाराच्या पोराशी जमत आलं होतं, दरी मिळाली तर त्या दोघांना तिथं घर बांधता येणार होतं. म्हणजे ही गोष्ट आता नुसती गोष्ट राहिली नव्हती. तरी ती ऐकताना पोरीचे डोळे दरीसाठी चमकत नव्हते. आपला बाप असं बोलणारा होता, याचं तिला सुख होतं.

शनिवारी थोरा आली. लेवरूननं तिला लांबूनच ओळखलं, चालण्यावरून; पूर्वी घरी लोण्याची टोपली पोचवून परत जाताना ते तिनं मागून पाहिलं होतं. बाकी ओळखण्यासारखं काही उरलं नव्हतं. टोपली गोडाच्या हवाली करून ती नदीकाठी लोण्याची फडकी धुवायला बसली, आणि लेवरून जाऊन तिच्याशेजारच्या दगडावर बसली. किती तरी वेळ दोघी पाण्याकडं बघत राहिल्या. पाण्यात शेवाळ्याच्या लांब बटा एकाच दिशेला विंचरल्या जात होत्या, आणि लेवरूनला वाटलं, आपण असंच बसून राहिलो, काही विचारलंच नाही, तर काय बिघडेल.

“या, धनीणबाई,” थोरा फडकं पिळत म्हणाली. “माझं लोणी गोड लागलं म्हणे. रडलात, असं गोडा सांगत होती. अख्ख्या बाजाराला सांगत होती.”

“गोडाला काम नाही दुसरं.”

“तुम्ही वाळलात. शहरात हवा खाऊन राहता का?”

लेवरूननं सगळं सांगितलं. दावा, सुनावणी, साक्षीदार. बोलताना तिला आपला आवाज धनिणीचा होतोय असं वाटलं आणि ती मुद्दाम हळू बोलू लागली. “त्या सकाळी तू घरात होतीस, थोरा. दूध घेऊन आली होतीस. मला वास आठवतो. दाराशी होतीस ना तू?”

“होते.”

“मग ऑर्दगार बोलला ते तू ऐकलंस.”

“ऐकलं की.”

“शब्द आठवतात?”

थोरानं फडकं मांडीवर ठेवलं. ती खाकरली, आणि लेवरूनच्या अंगावर काटा आला, कारण ते खाकरणं ऑर्दगारचं होतं. “लसूणदरी तुझी,” थोरा म्हणाली. “तू आहेस तोवर तुझी, आणि मागाहून तू म्हणशील त्याची.” तोच आवाज, तसाच हळू. लेवरूननं तिचा ओला हात धरला. इतकी वर्षं जी गोष्ट तिच्या एकटीच्या डोक्यात होती ती बाहेर, उन्हात, दुसऱ्या एका माणसाच्या तोंडात होती. ती हसली. तिला त्या म्हातारीचा मुका घ्यावासा वाटला.

“हेच तिथं सांगशील? शपथेवर?”

थोरा तिच्याकडं बघत राहिली. त्या बघण्यात राग नव्हता, आणि म्हणूनच लेवरूनला भीती वाटली.

“तो कुणाशी बोलत होता, असं वाटतं तुम्हाला?” थोरानं विचारलं.

“माझ्याशी.”

“अगं, तू झोपली होतीस.” थोरा एकदम ‘तू’वर आली आणि तिचा आवाज मऊ झाला, आजाऱ्याशी बोलताना होतो तसा. “भिंतीकडं तोंड करून. मी तुझ्यासाठी कोमट दूध घेऊन आले होते, घरातून निघायच्या आधीचं शेवटचं काम म्हणून. तो उठून दाराशी आला. माझं गाठोडं पायाशी होतं. तेव्हा बोलला तो.”

नदीचं पाणी वाहत होतं. पलीकडच्या काठावर कुणी तरी बदकांना हाकत होतं, आणि ती बदकं अगदी स्पष्ट, एकेक करून, लेवरूनला दिसत होती. ती म्हणाली, “मी झोपले नव्हते.”

“मग डोळे उघडायचे होतेस,” थोरा म्हणाली.

पुढचं थोरा बोलत होती ते लेवरूनला तुकड्यातुकड्यांनी ऐकू आलं. सर्लोचा कारभारी दरीत येऊन गेला होता. झाडी तोडून मेंढ्या घालणार होता. गाई त्याला नको होत्या, म्हातारी त्याहून नको. “माझं कोण ऐकणार? ठेवलेल्या बाईला कुणी दिलं काय आणि न दिलं काय. तू लग्नाची. तुझ्या तोंडून ते ऐकतील. दरी तुझ्या नावावर लागली तर तू मला उठवणार नाहीस. का उठवशील?”

“नाही.”

“मग झालं तर. तू म्हण मला दिली, मी म्हणते हिला दिली.”

“खोटी शपथ? संताच्या अस्थींवर हात ठेवून?”

“तो संत आयुष्यभर गुहेत राहिला. त्याला यातलं काय कळतंय.” थोरानं फडकी गोळा केली. मग उठता उठता, पाठमोरीच, म्हणाली, “तुझी शपथ मोडेल याचं तुला पडलंय. माझं काय जातंय ते नाही विचारलंस.”

त्यानंतरचे दिवस लेवरूननं कसे काढले ते तिचं तिला ठाऊक. सुई चालत होती. कापडावर भरलेल्या संताच्या झग्याची सोनेरी कड पुरी होत होती. आणि सुईच्या एकेका टाक्याबरोबर तिचे जुने दिवस उसवत होते. ‘माझी दरी’ असं ती म्हणायची, जेवताना, पाहुण्यांसमोर, लाडात येऊन. आणि ऑर्दगार दरवेळी भाकरीकडं बघून हसायचा. ते हसू ती मायेचं समजायची. आता ते हसू डोळ्यांसमोर धरून उलटसुलट करून बघितलं तर ते एका अडकलेल्या माणसाचं होतं. लग्नानंतर आठवड्यानं वडील आले होते, त्यांनी विचारलं होतं, काय दिलं जावयानं? ती गर्वानं म्हणाली होती, लसूणदरी. वडिलांनी ऑर्दगारच्या पाठीवर थाप मारली होती, आणि ऑर्दगार इतका वेळ गप्प राहिला होता की मडक्यातला बिअरचा फेस बसला. मग म्हणाला होता, “तिची आहे म्हणते तर तिची.” तेव्हा तिला वाटलं होतं, किती साधा माणूस, बढाई मारत नाही. लोण्याची टोपली आली की तो पहिली भाकर स्वतः कापायचा, आणि वासाला कधी नाक मुरडायचा नाही. दरीत गाईंची मोजदाद करायला म्हणून तो वसंतात जायचा. गाई मोजायला असा किती वेळ लागतो, हे तिनं एकदाही विचारलं नव्हतं. कधी तिला वाटे, थोरा खोटं बोलतेय, जन्माचा सूड उगवतेय. मग तिला ते खाकरणं आठवायचं. आणि कधी, टाका घालता घालता डुलकी लागली की ती पुन्हा त्या अंथरुणात असायची, समोर फळीतली गाठ, मागं दुधाचा वास. तिला फक्त मान वळवायची असायची, मान वळवून दाराकडं बघायचं असायचं, आणि मान वळायची नाही. जागी झाली की मानेला खरोखरच रग लागलेली असे. तिला ऑर्दगारचा राग आला, खूप आला, पण मेलेल्या माणसावर राग धरून ठेवायला जागा नसते. तो हातातून निसटून थोराकडं जायचा, तिथंही ठरायचा नाही, आणि शेवटी सतरा वर्षांच्या त्या पोरीवर येऊन बसायचा, जिनं डोळे मिटून घेतले होते.

“आई, तू हल्ली ती गोष्ट सांगत नाहीस,” एदिवा म्हणाली.

“तिथं सांगायची आहे ना आता. वापरून वापरून झिजायला नको.”

“वेडी आहेस. ती कशी झिजेल?”

लेवरूननं रिकामी सुई उजेडाकडं धरली. खरं सांगितलं तर या पोरीकडून घर आणि बाप दोन्ही एकदम काढून घ्यायचे. न सांगावं तर आपण उरलेला जन्म एका परक्या बाईच्या सकाळीत राहायचं. तिनं धागा ओवला. तिला कळलं की ठरवण्यासारखं तिच्या हातात फारसं काही नाही, आणि या कळण्यानं तिला बरं वाटलं, जरा लाजही वाटली.

सुनावणी चर्चच्या आवारात होती. ऊन होतं. राजाचा माणूस बाकावर बसला होता, त्याच्या डोक्याची मागची बाजू त्यांच्या रीतीप्रमाणं तासलेली, कोवळी, गुलाबी. लेवरूनला वाटलं, एवढ्या मोठ्या माणसाला हिवाळ्यात थंडी वाजत असेल. सर्लो शेजारी उभा होता, दिसायला वाईट नव्हता, नखं कुरतडत होता. मधे दुभाष्या. मेजावर संताच्या अस्थींची चांदीची पेटी, आणि पेटीशेजारी शपथा ऐकायला चर्चचा पाद्री. शपथ एका दमात म्हणायची असते; अडखळली की मोडली, आणि मोडली की दावा गेला, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. लेवरून पुढं झाली. पेटीवर हात ठेवला. चांदी उन्हानं तापली होती. तिनं म्हटलं की लग्नानंतरच्या सकाळी, घरात, अंथरुणाशी, माझ्या नवऱ्यानं, ऑर्दगारनं, मला लसूणदरी दिली. ती अडखळली नाही. ज्या गोष्टीवर चौदा आणि पाच वर्षं विश्वास ठेवला ती खोटी ठरल्यावरही जिभेला सवयच होती. लोक ‘आमेन’ म्हणाले. आकाश कोसळलं नाही. एदिवा गर्दीत पुढं उभी राहून नुसती हसत होती.

मग थोरा आली. तिनं डोक्याला स्वच्छ फडकं बांधलं होतं, पण त्यातून एक पांढरी बट सुटून कपाळावर आली होती. तिनं पेटीवर हात ठेवला आणि सांगितलं: ती दुधाचं भांडं घेऊन दाराशी होती, ऑर्दगार बोलला ते तिनं कानांनी ऐकलं. आणि ती खाकरली, आणि तिनं ते शब्द म्हटले. जुनी माणसं, ज्यांनी ऑर्दगारला ऐकलं होतं, त्यांनी एकमेकांकडं पाहिलं.

सर्लोनं नख तोंडातून काढलं आणि दुभाष्याच्या कानात काही सांगितलं.

“सरदार विचारतात,” दुभाष्या म्हणाला, “खोलीत माणसं तीन. शब्द कुणालाही उद्देशून असतील. तो कुणाकडं बघून बोलला?”

थोरा गप्प झाली. लेवरूनला तिचा हात दिसत होता, पेटीवरचा, मिठानं आणि पाण्यानं भेगाळलेला. या बाईनं इतकी वर्षं एका ओल्या दरीत, गाईंच्या संगतीत, फक्त तेवढंच तर जवळ बाळगलं होतं. तो माझ्याकडं बघून बोलला. दुसरं कुणी ते ऐकलं नव्हतं, दुसऱ्या कुणाला ते ठाऊक नव्हतं. शांतता लांबत चालली. पाद्र्यानं मान वर केली. अजून एक श्वास, आणि शपथ मोडली असं तो म्हणणार होता. नको, लेवरूनच्या मनात आलं, म्हणू नकोस, राहू दे तुझं तुझ्यापाशी, जाऊ दे ती दरी. ती हे ओरडून सांगणारच होती.

“तिच्याकडं,” थोरा म्हणाली. “धनीणबाईंकडं. त्या लाजून भिंतीकडं तोंड करून पडल्या होत्या. तो अंथरुणाच्या काठावर बसला. त्यांच्या कपाळावर केस आले होते, ते त्यानं दोन बोटांनी मागं सारले आणि कानामागं अडकवले. सावकाश. घाई नव्हती त्याला. मग म्हणाला.”

कुणी तिला एवढं विचारलं नव्हतं. लेवरूननं तिच्या तोंडाकडं पाहिलं. ऑर्दगारनं कधी, त्या सकाळी नाही, पुढच्या कुठल्याच दिवशी नाही, तिच्या कपाळावरचे केस असे मागं सारले नव्हते. थोराचा दुसरा हात नकळत स्वतःच्या कपाळाकडं उचलला, त्या पांढऱ्या बटेपर्यंत निम्म्यात पोचला, आणि खाली आला.

राजाचा माणूस लेवरूनकडं वळला. दुभाष्यानं विचारलं, “ही म्हणते तसं झालं? तुला आठवतं?”

लेवरूनच्या कपाळाला गार बोटं लागली. ती दुसऱ्या कुणाला लागलेली बोटं होती, आणि ती तिला दिली गेली होती, सगळ्यांदेखत, कायमची.

“आठवतं,” ती म्हणाली, आणि तिला हुंदका आवरेना. बायाबापड्या हळहळल्या. एदिवा धावत आली, तिनं आईला मिठीत घेतलं, ती पण रडत होती. राजाचा माणूस दुभाष्याशी काही बोलला, दुभाष्यानं दरी हिची असं मोठ्यानं सांगितलं, लोक ओरडले, सर्लो खांदे उडवून घोड्याकडं निघाला.

थोरा तिथंच उभी होती. तिचे डोळे कोरडे होते. तिचा हात अजून पेटीवरच होता, आणि तो आता उचलला तरी चालेल, हे पाद्र्याला तिला दोनदा सांगावं लागलं.